काजू, दालचिनी आणि खवळलेला एप्रिल

११ जानेवारी २००८ ला केडीई ४.० बाहेर आलं आणि जगभरच्या लिनक्सवाल्यांना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक काजू दिसला.

ते खरं तर बटण होतं. डेस्कटॉपवर नवं काही मांडायचं, मांडलेलं कुलूपबंद करायचं, ही कामं त्याच्या पोटात होती. पण आकार असा वाकडा, फुगीर, की लोकांनी त्याला काजूच म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पुढची कित्येक वर्षं टिकलं. पंचाईत अशी, की हा काजू तिथून काढता येत नव्हता. मागे समुद्राचं चित्र लावा नाहीतर लेकराचा फोटो, कोपऱ्यात काजू आहेच! शेवटी एका वैतागलेल्या माणसाने छोटंसं विजेट लिहिलं. त्याचं काम एकच, काजू दिसू न देणं. विजेटचं नावही सरळ होतं, मला त्या काजूचा तिटकारा आहे, अशा अर्थाचं. लोकांनी ते आनंदाने उतरवून घेतलं.

लिनक्सच्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली की काय होतं, ते या एका काजूत सगळं आलं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिनक्सचा गाभा खाली निमूट काम करत असतो. त्याच्यावर जे दिसतं, म्हणजे खालची पट्टी, मेनू, खिडक्यांच्या कडा, घड्याळ, फायली उघडायचं कपाट, तो सगळा संसार म्हणजे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. हा संसार बदलता येतो. ग्नोम नको, केडीई घ्या. केडीई जड वाटतं, एक्सएफसीई घ्या. गाभा तोच राहतो. पण एकदा बस्तान बसलं की हात सवयीने चालतात. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांच्या जागा कोणी न विचारता बदलल्या, तर मोहरीला गेलेला हात हळदीत पडतो. फोडणी तर गॅसवर तडतडत असते. नव्या आवृत्तीच्या सकाळी नेमकं हेच होतं.

मला ही ओरड मनापासून आवडते, कारण इथे ओरडणाऱ्याच्या हातात सोर्स कोड असतो. इथली जवळजवळ प्रत्येक मोठी ओरड काहीतरी चालतीबोलती वस्तू मागे ठेवून गेली आहे.

जन्मच तक्रारीतून

केडीईची सुरुवात १४ ऑक्टोबर १९९६ ला झाली. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी माथियास एट्रिख याने एक जाहीर पत्र लिहिलं. तक्रार साधी होती: युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, एकाची स्क्रोलपट्टी दुसऱ्यासारखी चालत नाही. घरातल्या साध्या माणसाने हे वापरायचं कसं? तेव्हा बड्या युनिक्स कंपन्यांचं सीडीई नावाचं डेस्कटॉप होतं. त्यातल्या ‘सी’च्या जागी याने ‘के’ ठेवला. सुरुवातीला तो ‘के’ ‘कूल’चा होता. पुढे त्याला अर्थ चिकटवायचं सोडून दिलं गेलं.

दहा महिन्यांनी, ऑगस्ट १९९७ मध्ये, तक्रारीवर तक्रार आली. केडीई ज्या क्यूटी नावाच्या साहित्यावर उभं होतं, त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. मेक्सिकोतल्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोघांनी म्हटलं, मग आपण पूर्ण मुक्त असं दुसरं उभारू. ते ग्नोम. उच्चार अधिकृतपणे ‘ग’सकट आहे. आपल्याला ग्नोम म्हणायला काहीच अडचण नाही, आपण अग्नी आणि मग्न रोज म्हणतो.

चार-शून्यचा धडा

पुन्हा २००८ कडे. केडीई ३.५ हे लोकांचं लाडकं होतं, भरभक्कम आणि हवं तसं वळवता येणारं. ४.० मध्ये बहुतेक सगळं नव्याने लिहिलेलं होतं. डेस्कटॉपवरचे नेहमीचे आयकॉन आता स्वतंत्र विजेट झाले. फोल्डर पूर्वीसारखा डेस्कटॉपवर मांडून ठेवायची सोय जुलैतल्या ४.१ ची वाट पाहत राहिली. खालची पट्टी माऊसने ओढून लहानमोठी करता येईना. फायली पाहायचं काम इतकी वर्षं कॉन्करर करायचा, ते डॉल्फिनकडे गेलं, तेही काहींच्या जिव्हारी लागलं.

कॉन्कररचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आधी नेव्हिगेटर, मग एक्सप्लोरर, मग कॉन्करर, म्हणजे आधी वाट काढणारा, मग शोधणारा, मग जिंकणारा, असा त्या नावाचा हिशेब. कॉन्कररच्या आतलं केएचटीएमएल हे इंजिन ॲपलने २००३ मध्ये आलेल्या सफारीसाठी घेतलं, त्यातून वेबकिट झालं, त्यातून २०१३ मध्ये गूगलचं ब्लिंक फुटलं. तुमच्या फोनमधल्या क्रोमच्या वंशावळीत वर कुठेतरी हा केडीईचा पूर्वज बसलेला आहे.

केडीईकरांनी आधीच सांगितलं होतं, की ४.० हे विकसकांसाठी आणि हौशी लोकांसाठी आहे. पण ‘४.०’ हा आकडा वाचणाऱ्याला ‘तयार आहे, या’ असंच सांगतो. मे २००८ मध्ये फेडोरा ९ या लिनक्स वितरणाने तेच आपलं केडीई म्हणून दिलं. कुबुंटू ८.०४ ने मात्र ते वेगळ्या ताटात वाढलं, ओपनसुसे ११.० ने जुनं-नवं दोन्ही शेजारी ठेवलं. माझ्या मते शहाणपण याच दोघांचं. पाहुण्याला नवा पदार्थ वाढताना आमटी-भात उचलून न्यायचा नसतो.

एप्रिल २०११

आता खवळलेल्या एप्रिलकडे. ६ एप्रिल २०११ ला ग्नोम ३ आलं. २८ एप्रिलला उबुंटू या वितरणाची ११.०४ ही आवृत्ती आली, त्यात ग्नोमच्या जुन्या पट्ट्या जाऊन युनिटी नावाचं नवं कवच (शेल) पुढे आलं. बावीस दिवसांत जगातल्या असंख्य लिनक्सवाल्यांच्या पायाखालची फरशी दोनदा बदलली.

ग्नोम ३ मध्ये काय नव्हतं? खाली खिडक्यांची पट्टी नव्हती. खिडकीला मिनिमाइझचं बटण नव्हतं, मॅक्सिमाइझचंही नव्हतं, फक्त बंद करायची फुली. त्यामागे विचार होता: खिडकी खाली घालवायची तर ती जाणार कुठे, खाली पट्टीच नाही. त्याऐवजी माऊस डावीकडे वरच्या कोपऱ्यात नेऊन आपटायचा, की सगळ्या खिडक्या पत्त्यांसारख्या पसरतात. आज हे लिहिताना मी तोच कोपरा दिवसातून शंभरदा वापरतो आणि मला तो अतिशय सोयीचा वाटतो. पण त्या एप्रिलमध्ये लोकांना ते दार नसलेलं घर वाटलं.

सगळ्यात गाजलं ते शटडाउन. ग्नोम ३.० च्या मेनूत ‘सस्पेंड’ दिसायचं. संगणक पूर्ण बंद करायचा असेल तर मेनू उघडून आल्टची कळ दाबून धरायची, मग त्याच जागी ‘पॉवर ऑफ’ यायचं. ही गोष्ट पडद्यावर कुठेच लिहिलेली नव्हती. कल्पना करा, रात्री साडेअकराला दिवसभराचं काम संपवून माणूस मेनूत वरखाली फिरतोय आणि त्याला संगणक बंद करता येत नाहीये. तो चिडणार नाही तर काय करणार? पुढच्या आवृत्त्यांत ‘पॉवर ऑफ’ आपसूक दिसू लागलं.

ग्नोमने एक दार मात्र उघडं ठेवलं होतं आणि त्याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देतो. जावास्क्रिप्टचे छोटे तुकडे जोडून हे कवच वाकवता येत होतं. डिसेंबर २०११ मध्ये अशा एक्स्टेन्शनचं अधिकृत दालनच उघडलं. कोणी खालची पट्टी परत आणली, कोणी कायम दिसणारा डॉक, कोणी जुना मेनू. अनेकांनी एकेक वीट परत बसवत आपलं जुनं घर नव्या पायावर उभारलं.

आणि ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते: ग्नोमचे अनेक मुख्य विकसक रेड हॅट कंपनीत काम करत, पण जून २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये सुरुवातीलाच जे उघडायचं ते ग्नोम क्लासिक होतं. खाली पट्टी, वर मेनू. कार्यालयातल्या माणसाचा हात सांभाळायला हवा, हे त्यांनी ओळखलं.

भांडणातून आलेला मसाल्याचा डबा

२०११ मध्येच अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ठरवलं, की ग्नोम २ मरू द्यायचं नाही. त्याने तो कोड जसाच्या तसा उचलला आणि पुढे चालू ठेवला. नाव दिलं माटे. येर्बा माटे ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. तिची पानं गरम पाण्यात घालून, धातूच्या नळीने ओढून पितात. तिकडे तो आपल्या चहासारखा दिवसभराचा सोबती.

पण नव्या आणि जुन्या ग्नोमच्या प्रोग्रॅमची नावं एकच राहिली तर दोन्ही एका संगणकावर नांदणार कशी? म्हणून सगळ्यांचं बारसं पुन्हा झालं, तेही स्पॅनिशमध्ये. फायलींचं कपाट नॉटिलस झालं ‘काखा’, म्हणजे खोका. मजकूर लिहायचं जीएडिट झालं ‘प्लुमा’, पीस किंवा लेखणी. पीडीएफ वाचायचं एव्हिन्स झालं ‘आत्रील’, म्हणजे पोथी ठेवायचं उभं व्यासपीठ. खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारं मेटासिटी झालं ‘मार्को’, चौकटच. ही नावं पाहून मला नेहमी वाटतं, की जुनं घर वाचवायला धावलेल्या माणसाने सामान हलवताना प्रत्येक भांड्यावर घरच्या भाषेत नाव घातलं. ग्नोम २ च्या पट्टीवर वांडा नावाचा एक मासा पोहत असे, त्याच्यावर टिचकी मारली की तो एखादं वचन ऐकवायचा. तो मासासुद्धा माटेने सांभाळून ठेवला आहे.

दुसरी फांदी लिनक्स मिंट या वितरणातून फुटली. मिंट म्हणजे पुदिना, त्यामुळे पुढचं नाव मसाल्याच्या डब्यातून येणार हे ठरलेलंच. मिंटचा कर्ता क्लेमेंट लेफेब्र आणि मंडळींनी नोव्हेंबर २०११ च्या मिंट १२ मध्ये आधी ग्नोम ३ वर एक्स्टेन्शनची ठिगळं लावून पाहिली. तेवढ्यावर भागेना, तेव्हा कवचच वेगळं केलं. ते सिनॅमन, दालचिनी. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. पुढे २०१२ मध्ये ग्नोमच्या नॉटिलसमधून दोन कप्पे शेजारी उघडायची सोय आणि आणखी काही गोष्टी गेल्या, तेव्हा मिंटने नॉटिलसचीही वेगळी शाखा काढली आणि तिला नाव दिलं नेमो. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत नॉटिलस ही पाणबुडी आणि कॅप्टन नेमो तिचा धनी. पाणबुडी हाताबाहेर चालली, तेव्हा कप्तानाला बोलावलं. इतकं नेमकं नाव सॉफ्टवेअरमध्ये क्वचित सापडतं.

खुद्द लिनसचं बिऱ्हाड

लिनक्सचा गाभा लिहिणारा लिनस टॉरवाल्ड्स हाही या ओरडीतला एक वापरकर्ताच. २००५ मध्ये त्याने ग्नोमवर टीका केली, की हे लोक वापरणाऱ्याला मूर्ख समजून पर्याय काढून टाकतात, त्यापेक्षा केडीई वापरा. मग केडीई ४.० आलं आणि २००९ च्या सुरुवातीला तो म्हणाला, मी ग्नोमवर गेलो. मग ग्नोम ३ आलं. ऑगस्ट २०११ मध्ये त्याने त्याच्यावरही सडकून टीका केली आणि एक्सएफसीई गाठलं. दोनेक वर्षांत तो पुन्हा ग्नोमवर आला, एक्स्टेन्शन जोडून, आपल्या हाताला जुळेल असं करून. गाभा ज्याने लिहिला, त्यालाही मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या कोणी हलवलेल्या खपत नाहीत.

डावीकडे गेलेली तीन बटणं

उबुंटू १०.०४, एप्रिल २०१०. खिडकीची फुली आणि तिचे दोन सोबती उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात गेले. एवढाच बदल. पण रोज दोनशे वेळा जो हात उजवीकडे जातो तो काय करणार? तक्रारींचा पाऊस पडला, बटणं डावीकडेच राहिली. मग युनिटी आलं. ऑक्टोबर २०१२ च्या १२.१० मध्ये तर आपल्याच संगणकावरची फाइल शोधताना ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसू लागल्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचा प्रणेता रिचर्ड स्टॉलमनने त्याला हेरगिरी म्हटलं. २०१६ च्या १६.०४ मध्ये तो प्रकार मुळातच बंद ठेवला गेला. ही ओरड शंभर टक्के योग्य होती. आपल्या घरात आपण काय शोधतो ते दुकानदाराला कळायचं कारण नाही.

एप्रिल २०१७ मध्ये उबुंटूचा जनक मार्क शटलवर्थने युनिटीचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरच्या १७.१० मध्ये ग्नोम परत आलं आणि ती तीन बटणंही साडेसात वर्षांनी उजव्या कोपऱ्यात परतली. आणि मग? मग लोकांना युनिटीची आठवण येऊ लागली! इतकी, की २०२० मध्ये भारतातल्याच एका शाळकरी मुलाने युनिटीवाला उबुंटू पुन्हा बांधायला घेतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये उबुंटूने त्याला अधिकृत कुटुंबात घेतलं.

सहा वर्षं चाललेली आणखी एक कुरबूर: मार्च २००४ च्या ग्नोम २.६ मध्ये प्रत्येक फोल्डर नव्या खिडकीत उघडायचा. पाच फोल्डर आत गेलात की पडद्यावर पाच खिडक्या. मार्च २०१० च्या २.३० मध्ये ते बदललं.

ल आणि श

मराठीत लिनक्स वापरणाऱ्यांची नजर नव्या आवृत्तीत वेगळीकडे जाते. ग्नोमचे मराठी मेनू उघडले की ‘फाइल’ किंवा ‘संपादन’ या शब्दांपुढे कंसात एक रोमन अक्षर दिसतं. आल्टबरोबर दाबायची कळ रोमन कळफलकावरची, म्हणून ती अशी शेजारी बसवलेली. नवीन माणसाला तो मुद्रणदोष वाटतो. जुन्याला ती खूण वाटते, की कोणीतरी एकेक ओळ बसून मराठीत आणली आहे.

ग्नोम ३ बरोबर कँटारेल हा टंक आला, तो मार्च २०२५ च्या ग्नोम ४८ मध्ये जाऊन अद्वैता सॅन्स आला. अद्वैता, आपल्याच वेदान्तातलं नाव! पण या दोन्ही टंकांत देवनागरी नाही, त्यामुळे मराठी पडद्यावर अक्षरं दुसऱ्याच टंकातून येतात. त्यांपैकी लोहित हा रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला. देवनागरी अक्षर दिसलं की झालं, असं बाहेरच्याला वाटतं. पण मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा. शाळेत गिरवलेला ल पडद्यावर दिसला, की मेनू आपला वाटतो.

त्या ग्नोम ४८ चं टोपणनाव होतं बंगळुरू, आणि मार्च २०१६ च्या ३.२० चं दिल्ली. ज्या गावात ग्नोमची परिषद भरते, तिथल्या राबणाऱ्या मंडळींच्या सन्मानार्थ ही नावं ठेवतात.

फिरणारा ठोकळा आणि वाढता बाण

२८ फेब्रुवारी २०२४ ला प्लाझ्मा ६, म्हणजे केडीईच्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती, आली. सोळा वर्षांपूर्वीचा धडा लक्षात होता. वरून पाहता घर ओळखीचं, बदल मुख्यतः पायात. तरीही बोलण्यासारखं बरंच होतं. केडीईत फाइल एका टिचकीत उघडायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. आता सुरुवातीपासून दोन टिचक्या. जुने लोक हळहळले, विंडोजवरून आलेले सुखावले, आणि सेटिंगमध्ये एक खूण करून ज्याला जे हवं ते मिळालं. २०२१ मध्ये काढून टाकलेला, चार बाजूंना चार डेस्कटॉप असलेला फिरणारा ठोकळा परत आला. कामाचा फारसा नाही, पण लोकांना तो हवा होता.

जून २०२४ च्या ६.१ मध्ये आणखी एक गंमत आली. माऊसचा बाण सापडेना झाला, की माऊस जोरात हलवायचा, बाण मोठा होतो. आणखी हलवा, आणखी मोठा. लोक बाण शोधायचं विसरून तो किती फुगतो हेच पाहत बसले.

केडीईत २०२२ मध्ये सुरू झालेली एक मोहीमही आहे, ‘पंधरा मिनिटांतले दोष’. नवा माणूस वापरायला बसल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत ज्यांना अडखळेल, ते दोष आधी काढायचे. याहून चांगला नियम मला माहीत नाही.

आणि ऑक्टोबर २०२४ च्या ६.२ मध्ये एक चौकट आली. वर्षातून एकदा, डिसेंबरात, ती देणगी मागते. लोक भडकतील अशी धास्ती होती. काहींनी नाकं मुरडलीही. पण देणग्यांचा ओघ वाढला. काजूवर चिडणारे लोक हेच, आणि खिशात हात घालणारेही हेच.

एक्सएफसीईवाल्यांचं मात्र सगळं संथ. ४.१२ आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये, ४.१४ ऑगस्ट २०१९ मध्ये, साडेचार वर्षांनी. उघडून पाहावं तर काल होतं तसंच. त्यांना नेमकं तेच हवं असतं.

आणि २००८ मध्ये ज्यांनी केडीई ३.५ सोडायला नकार दिला, त्यांचं काय झालं? त्यांनी २०१० मध्ये ट्रिनिटी नावाने तेच डेस्कटॉप पुढे चालू ठेवलं. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. डावीकडे खाली तोच मेनू, उजवीकडे तेच घड्याळ, फायली पाहायला तोच कॉन्करर. कोपऱ्यात काजू नाही.